जुनी फाईल ठेवायची की नवी घ्यायची

"ताई, तुम्ही दर वेळी 'एन'च काहून दाबता? 'वाय' दाबायले भेव लागते का?"

हे विचारायची पैज माझ्या वर्गातल्या रंजूने लावली होती, एक प्लेट समोशावर. दहावीत आल्यापासून मी कोणालाही काहीही विचारू शकते, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. पोरी खिदळल्या. आमची कंप्युटर लॅब सांभाळणारी ज्योत्सनाताई मात्र चिडली नाही. ती पवनीहून एसटीने येते, तिचे बाबा वैनगंगेवर मासे धरतात.

"अपग्रेडसंग येनारी नवी फाईल वाईट नसते, तृप्ती. पन ते बनवनाऱ्याले आपली शाळा मालूम नाही. आपल्या वीस स्क्रीनचे पत्ते मी जुन्या फाईलमंदी हातानं लिवले. अपग्रेड विचारते, तुमची फाईल ठेवू का माझी टाकू. एन म्हनजे माझी ठेव."

"आन चुकून वाय दाबला त?"

"तरी जुनी मरत नाही. नावाले 'ओल्ड'ची शेपटी लागून तिथंच पडून राहते. नाव पहिल्यासारखं करा, झालं. पाच मिनटाचं काम."

शनिवारी शाळेची तपासणी होती. ताई अपग्रेड लावून बसली होती, तेवढ्यात मुख्याध्यापक भैय्यालाल सरांनी तिला तपासणीला येणाऱ्या साहेबांचा चहा आणायला पाठवलं. वीसही स्क्रीन चालवणाऱ्या मोठ्या कंप्युटरवर तोच प्रश्न येऊन थांबला. रंजू माझ्याकडे बघून राहिली होती. मी वाय दाबला. काय होतं ते फक्त पाहायचं होतं.

वीसच्या वीस स्क्रीन काळ्या झाल्या, आणि दारात साहेब.

ताई मागून ट्रे घेऊन आली. "सर, पाच मिनटं द्या, मी करते."

"हात नोको लावू," सर म्हणाले. "मासोळ्या सोलनाऱ्या हातात कंप्युटर देल्ला का असंच होते."

साहेब हसले म्हणून आम्ही हसलो. सगळ्यात मोठ्याने मी. ट्रे कुठे ठेवावा ते ताईला कळेना. तिने मोठ्या कंप्युटरवरचा वाय वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. सरांनी तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "सर, मी पाहू का?" जुन्या फाईलची शेपटी काढली, सगळं परत चालू केलं. स्क्रीन एकेक करून उजळल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. समोसेही मिळाले.

माझे बाबा टेकचंद शाळेच्या समितीवर आहेत. जेवताना खुशीत होते. "ज्योत्सनाच्या जागी आपल्या मोनूले लावून देऊ." मोनू माझा चुलतभाऊ. "त्याले काही येत नाही, तू शिकवजो."

"बरं झालं," आई भात वाढत म्हणाली. "तिच्या डब्याचा वास साऱ्या लॅबमंदी राहे म्हनते."

ते मीच घरी सांगितलं होतं. खोटं होतं.

"वाय मी दाबला होता," मी म्हणाले.

बाबांचा हात ताटातच थांबला. "कोनाले मालूम आहे?"

"ताईले."

"मंग तिचं कोन ऐकते? जेव चुपचाप."

"म्हनूनच मी सांगनार," मी ताट सरकवलं. "सोमवारी प्रार्थना झाली की माइकवर, साऱ्या शाळेसमोर. डब्याचंही सांगते. आन बाबा, मोनूले मी काही शिकवनार नाही. तुमाले जे करायचं ते करा."