टिंबमहाराज आणि सावलीची फाइल

सूनबाईच्या पुढच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्याच्या हातांवर, खिडकीच्या कठड्यावर माणसं, आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. पडद्यावर तिच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या वारलेल्या पुतण्याची, सावली उतरली होती म्हणे. मी चष्मा पुसून पाहिलं. मला फाइलींची नावं दिसली.

पुतण्या स्टुडिओत आवाज द्यायचा. लिफ्टमधल्या, फोनवरच्या सूचना. तो गेल्यावर माझ्या पुतणीनं, म्हणजे त्याच्या बहिणीनं, स्टुडिओतल्या मॅक कॉम्प्युटरवरची त्याची रेकॉर्डिंगं पेनड्राइव्हवर आणून दिली. पुढे तो मॅक पुसून नव्या माणसाला गेला. त्याचा आवाज आता बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्येच उरला होता.

सूनबाईनं तो घरच्या विंडोजवर लावला, तर प्रत्येक रेकॉर्डिंगला एकेक जुळं! नाव तेच, फक्त सुरुवातीला एक टिंब आणि एक आडवी रेघ. आणि हे जुळं काही केल्या उघडेना. बातमी फुटली आणि टिंबमहाराज अवतरले. हे नाव मी ठेवलेलं; त्यांचं स्वतःचं याहून बरंच लांबलचक होतं.

“ही सावली आहे, माते. तिला बोलायचंय, पण मूळ आवाजानं तिचा गळा धरलाय. मूळ पुसून टाक, सावली बोलेल.”

“कशावरून?” मी विचारलं.

“आजोबा, हिच्या नावात प्रश्नचिन्ह टाकून बघा.”

मी टाकलं. यंत्रानं चक्क नकार दिला.

“बघा! परलोकाला प्रश्न विचारायचा नसतो.”

खोलीभर माना डोलल्या. खरं सांगतो, इतकी सफाईदार थाप मला उभ्या जन्मात जमली नव्हती.

सूनबाई सांगितलेलं तेवढं करायची. नवरा गेल्यापासून ती अशीच. जेव म्हटलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. पूस म्हटल्यावर तिनं माउस हातात घेतला.

“वहिनी, थांब!” दारात पुतणी उभी, काखेत स्टुडिओतून मागून आणलेला लॅपटॉप, तोही मॅक. “महाराज, आधी आशीर्वादाचे दोन शब्द बोला की.”

ऐकायला एवढी गर्दी असताना महाराज कसले नाही म्हणतात! ते बोलले, तिनं मॅकवर रेकॉर्ड केलं, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि तो विंडोजला लावला. पडद्यावर महाराजांचा आशीर्वाद, आणि शेजारी टिंब लावलेलं त्याचं जुळं.

“अगं बाई! महाराज, तुम्ही कधी गेलात? कळवलंसुद्धा नाहीत!”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पुतणीनं मॅकवर त्याच फाइलला नवं नाव दिलं, ‘महाराज थापा मारतात का?’ मॅकनं ते प्रश्नचिन्हासकट मुकाट घेतलं.

“दोन घरांच्या दोन रीती आहेत या,” ती म्हणाली. “विंडोजला नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, मॅकला चालतं. मॅक अशा पेनड्राइव्हवर फाइल ठेवताना तिची जास्तीची माहिती वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवतो आणि तिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब आणि रेघ लावतो. त्याच्या घरी टिंब म्हणजे ‘मला झाकून ठेव’. विंडोजला ही रीत ठाऊक नाही, म्हणून तो सगळं उघडं दाखवतो. त्या जुळ्यात आवाज नाहीच, वहिनी. उघडणार काय?”

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. गर्दीही चपला शोधत पांगली.

“म्हणजे त्याला काही सांगायचं नव्हतं?” सूनबाईनं विचारलं.

“या जुळ्यातून नाही गं.”

मग तिनं मूळ फाइल लावली. पुतण्याचा आवाज आला, “तिसरा मजला. दरवाजा उघडत आहे.” तिनं ती पुन्हा लावली. रडली नाही. फक्त आवाज थोडा वाढवला.

तेव्हा मंडळी, यंत्रात काही अजब दिसलं तर आधी जाणत्या माणसाला विचारा, दुसऱ्या यंत्रावर लावून बघा, आणि कुणी पूस म्हणालं तर हात आवरा. पुसलेला आवाज परत आणणारा महाराज अजून जन्माला यायचाय.