चुकचुक

सन दोन हजार पंचवीसच्या डिसेंबर महिन्यातील दुसऱ्या रविवारी, सकाळच्या प्रहरी, अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा या गावी, किल्ल्यालगतच्या पटांगणावर, ग्रामीण युवक मंडळांची जिल्हास्तरीय कालवड संगोपन स्पर्धा भरली होती; आणि पिंपळदऱ्याच्या नवचेतना युवक विकास मंडळातर्फे त्या स्पर्धेत उतरलेल्या काजळी नावाच्या कालवडीचे दावे बजरंग सुरवसे तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधत होता.

"काका, मी बांधलंय की," निकिता म्हणाली.

"बांधलंय, पन सैल हाय."

"तिला सैलच लागतं. आवळलं का मान झटकती."

"च् च्," बजरंगने जीभ टाळूला लावून सोडली आणि गाठ आवळली. काजळीने त्याच्याकडे कान वळवले, क्षणभर त्याच्या हाताकडे पाहिले, आणि मग खरोखरच मान झटकली.

"बघा," निकिता म्हणाली. तो दुसरीकडे वळताच तिने गाठ पूर्ववत सैल केली.

निकिता नववीत होती. काजळी वर्षाची झाली होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि दोन्ही डोळ्यांभोवती कुणी बोटाने काजळ ओढावे तशी काळी रेघ. आपल्या मंडळाला उत्कृष्ट मंडळाची ढाल मिळावी, या एका इच्छेपायी बजरंगने आयुष्याची पुरती अठरा वर्षे खर्ची घातली होती, आणि आज ती ढाल या चार खुरांवर उभी होती.

बजरंग हा दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारा साधा नोकर. मंडळ त्याने ऐन विशीत काढले, तेव्हा 'युवक' हा शब्द त्याला शोभत होता. आता बेचाळिशीत तो शोभत नव्हता, पण शब्दाने त्याला सोडले तरी त्याने शब्दाला सोडले नव्हते. मंडळाच्या कार्याचा पाढा वाचू जाता त्यात उणे काढायला जागा नव्हती. बोडक्या टेकडीवर झाडे उभी राहिली, समाजमंदिरात वाचनालय सुरू झाले, बुजलेली बारव उपसली गेली. तथापि ही कामे कोणी केली, असा प्रश्न कुणी विचारला असता तर उत्तर अवघड होते. टेकडीवरचे एकेक झाड एकेका पोराला वाटून दिले होते. परंतु पोरे विसरतील या धास्तीने बजरंग दिवस उजाडण्यापूर्वीच मोटारसायकलला कॅन बांधून टेकडीवर जाई आणि सगळ्यांच्या झाडांना पाणी घालून येई. पोरे कॅन घेऊन वर जात, ओली आळी पाहत, आणि परत येत. महिनाभरात ती जायची थांबली. मग बजरंग लोकांत म्हणे, "पोरांना चिकाटी न्हाई," आणि त्याला त्याचे मनापासून दुःख होई. वाचनालयाची किल्लीही अशाच काळजीपोटी त्याच्या कमरेला लटकत असे. त्याच्यावर आळसाचा आरोप वैऱ्यालाही करता आला नसता. मात्र आळस नसणे हा गुणच असतो, हे गृहीतक त्याच्या बाबतीत एकदा तपासून पाहायला हरकत नव्हती.

त्याची बायको पुष्पावती ते अधूनमधून तपासत असे. "युवक मंडळ म्हनं. अवो, त्यातला युवक कुटं हाय? मला तर एकच मानूस दिसतोय, त्याच्याबी डोक्याला टक्कल पडलंय."

आणि त्याच्या त्या जिभेच्या सवयीबद्दल ती माहेरच्या बायकांना सांगे, "लगीन झालं तवा मी चार दिवस घराचे कोपरे झाडले. म्हनलं, पाल हाय कुटंतरी, सारखी चुकचुकती. मग कळलं, नवरा हाय."

ही सवय म्हणजे बजरंगच्या अस्वस्थ जिवाचे घड्याळ होते, जे सदा चालू असे. दुधाच्या फॅटचा आकडा पडला की च् च्, एस.टी. उशिरा आली की च् च्. पोराने भाषणात एक शब्द गाळला की च् च्. तो हे करतो याची त्याला जाणीव नसे, आणि इतरांनी ते ऐकणे कधीच सोडून दिले होते.

गेल्या वर्षी मंडळाने शाळकरी मुलांना वासरे सांभाळायला दिली, तेव्हा नियम बजरंगनेच घालून दिला होता: ज्याचे वासरू त्यानेच धुवायचे, चारायचे, फिरवायचे, मोठ्यांनी हात लावायचा नाही. निकिताच्या वाट्याला आलेली काजळी पहिल्याच पंधरवड्यात हगवणीने आडवी झाली. निकिताची आई छबूबाई दिवसभर लोकांच्या रानात कामाला. गोठा वस्तीपासून दूर, संकलन केंद्राच्या वाटेवर. बजरंग भल्या पहाटे औषध पाजायला गेला, तोंड गोड व्हावे म्हणून तळहातावर गुळाचा खडा धरला, आणि वासराची ती दशा पाहून जीभ वाजवली. वासरू वाचले. इथवर कुणाला काही बोलता आले नसते. पण वासरू बरे झाल्यावरही तो जातच राहिला. पोरगी झोपून राहिली तर? पाणी पाजायला विसरली तर? निकिता यायच्या आत तो जाई, गोठ्याच्या तोंडाशी 'च् च्' करी, गुळाचा खडा चाटवी, शेण पायाने बाजूला सारी आणि केंद्रावर निघून जाई. हे त्याने कुणाला सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटलेच नाही. त्याच्या लेखी ते लक्ष ठेवणे होते.

पहिल्या दोन फेऱ्यांत काजळी सर्वांच्या पुढे होती. मुख्य परीक्षक डॉक्टर सबिहा शेख सावेडीहून आल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी कालवडीची पाठ, खूर, सड सगळे निगुतीने पाहिले. दाव्याला धरून चालवण्याच्या फेरीत निकिता आणि काजळी अशी जोडीने चालली, की कोपरगावाकडून आलेल्या मंडळींनीही मान हलवली.

"सांभाळतं कोण हिला?" डॉक्टरांनी विचारले.

"मीच," निकिता म्हणाली.

"आणि मदतीला?"

"आई वैरन आनती. बाकी कुनी न्हाई. नियमच हाय तसा."

"पहाटे कोण उठतं?"

"मीच उठते."

मैदानाभोवतीच्या दोराबाहेर उभ्या असलेल्या बजरंगचा ऊर अभिमानाने भरून आला. आणि त्याच भरल्या उरात, कशी कोण जाणे, एक शंकेची पाल हलली.

त्यानंतर डॉक्टरांनी हातात माईक घेऊन सांगितले, की यंदा तिसरी फेरी हाकेची आहे. कालवड मैदानाच्या एका टोकाला मोकळी सुटेल. मूल दुसऱ्या टोकाला उभे राहील. दावे नाही, चारा नाही. हाक मारायची आणि कालवड यायला हवी.

बजरंग तरातरा डॉक्टरांच्या टेबलाशी आला.

"म्याडम, ही फेरी कुनाला म्हाईतच न्हवती. ऐनवेळी असं काही काढनं बरं न्हवं."

"ऐनवेळी काढली म्हणूनच उपयोग, सुरवसे. आधी सांगितली असती तर आठ दिवसांत शिकवून आणली असतीत. मला शिकवलेलं बघायचं नाही."

"जनावर गर्दीत बुजतं."

"सगळ्यांचीच बुजतील. तुम्हांला एवढी काळजी का? तुमची तर पहिली आहे."

बजरंग तडक निकिताकडे गेला. ती काजळीच्या कपाळावरून हात फिरवत होती.

"निकिता, हाक मारताना... जीभ वाजव थोडी. च् च् अशी."

"म्हसरं हाकल्यावानी? न्हाई ओ काका. 'काजू' म्हनलं का येती ती. सांजच्याला रोज येती. तुमी बघितलं न्हाई कदी." ती हसली. "तुमाला घाम फुटलाय. पानी प्या."

ती 'रोज येती' म्हणाली ते खरे होते. संध्याकाळी काजळी तिचीच असे. बजरंगने मनाशी युक्तिवाद बांधला: मी नसताना येते, तर मग मी नसलो म्हणजे झाले. युक्तिवाद बिनतोड होता. तो दोरापासून मागे सरू लागला.

"भावजी, कुटं निघाला?" छबूबाईने हटकले. तिने आज कामाचा खाडा करून नवे लुगडे नेसले होते. "हितं उभं ऱ्हावा की. पोरीला धीर येईल."

"मी टेम्पोकडं हाय, वहिनी. उन्हाचं बरं वाटंना."

"आक्शी वरमायवानी करताय तुमी," छबूबाई म्हणाली.

जनावरे आणलेला टेम्पो पटांगणाच्या कडेला उभा होता. त्याच्या मागे बजरंग जाऊन दडला. मंडळाच्या कामासाठी गैरहजर राहण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. एका पोराची कालवड हाकेसरशी थेट चहाच्या गाड्याकडे गेली, तेव्हा उसळलेले हसू त्याने ऐकले. दुसरी जागची हललीच नाही. कोपरगावच्या मुलाची मात्र थांबत थांबत आली आणि टाळ्या पडल्या.

मग निकिताची हाक आली. "काजूऽऽ. ये बाय."

"निघाली," कुणीतरी म्हणाले. "येतीय, येतीय." आणि नंतर, "थांबली."

बजरंगच्याने राहवेना. त्याने टेम्पोच्या कडेने डोके काढले. काजळी मैदानाच्या मध्यावर उभी होती. कर्ण्याची खरखर तिला नवी होती. तिने एकदा त्याकडे पाहिले, एकदा निकिताकडे. निकिता घाबरली नव्हती. तिने दुसरी हाकसुद्धा मारली नाही. रिकामा हात पुढे करून ती नुसती उभी राहिली. आपले जनावर विचार करते आहे आणि त्याला तेवढा वेळ द्यायला हवा, हे तिला ठाऊक असल्यासारखी. काजळीने एक पाऊल उचलले. त्या घटकेला बजरंगवर एकच काम होते, काहीही न करण्याचे. आणि आजवर पत्करलेल्या असंख्य कामांत हेच एक काम त्याने कधी शिकून घेतले नव्हते.

"च् च्," तो म्हणाला.

काजळीचे दोन्ही कान मागे फिरले. ती वळली, आधी चालत आणि मग धावत, दोराखालून मान घालून, बाजूला होणाऱ्या माणसांतून वाट काढत थेट टेम्पोमागे आली आणि त्याचा तळहात चाटू लागली.

"मालक घावला," गर्दीतून कुणी म्हणाले, आणि सगळे पटांगण हसले.

"जा. जा तिकडं. ए, जा की," बजरंग तिला दोन्ही हातांनी ढकलत होता. ढकलणारे हातच ती चाटत होती. मैदानाच्या त्या टोकाला निकिता अजून हात पुढे करून उभी होती. तो खाली घ्यावा हे तिला सुचले नव्हते.

डॉक्टर सबिहा चालत आल्या. त्यांनी बजरंगच्या तळहाताकडे पाहिले.

"गूळ?"

"कदीमदी," बजरंग म्हणाला.

पहिला क्रमांक कोपरगावच्या मुलाला गेला आणि ढालही त्याच्याच मंडळाला. निकाल सांगताना पिंपळदऱ्याच्या कालवडीची प्रकृती सर्वांत उत्तम असल्याचे डॉक्टरांनी मुद्दाम नमूद केले. छबूबाईने पदराने तोंड पुसले आणि कुणाकडेही न बघता ती टेम्पोच्या पुढच्या बाजूला ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

दुपारी टेम्पोला फळी लावली. काजळी फळीपाशी अडली. बजरंगने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंतवले, जीभ दातांखाली धरली आणि पाठ फिरवली. मागे बराच वेळ काही वाजले नाही. मग फळीवर खुरांचा आवाज झाला. तो वळला तेव्हा काजळी वर चढलेली होती आणि निकिता तिचे दावे बांधत होती, सैल.

"निकिता," तो म्हणाला, "बक्षीस माझ्यापायी गेलं."

"कवापासनं येताय गोठ्यावर?"

"हगवन लागली हुती तवापासनं."

तिने गाठ पुरी केली. "सकाळी मी गेले का ती माझ्याकडं बघायचीच न्हाई. सांजच्याला ग्वाड आसायची, आनि सकाळी पाठ करून उभी. मला वाटायचं, मला उशीर हुतोय म्हनून रुसती. म्हनून मी आनखी लवकर उठायचे. अंधारात. आई वरडायची."

बजरंगला आठवले: दिवाळीनंतर गोठ्यावरून निघतानाच तिची बॅटरी वस्तीकडून येताना दिसू लागली होती, आणि म्हणून त्याने आपले निघणे आणखी अलीकडे ओढले होते.

"पोरी, मी तुज्या चांगल्यासाठीच..." त्याने सुरुवात केली.

निकिताने काजळीच्या डोळ्यांभोवतीची काळी रेघ बोटाने पुसल्यासारखी केली. तिच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टरांनी सकाळी खूर तपासले होते, तसे तिने सगळे एकदा नीट पाहून घेतले होते.

"कालवड चांगली हाय, काका," ती म्हणाली. "माझी न्हाई, एवढंच."