खांबाला कुठली करणी?

पास्कलच्या गोठ्यापुढे अर्धं गास गाव लोटलं होतं. करणी उतरवायला आलेल्या बाबाने पवळ्या बैलाच्या मानेला हळद फासली, लोट्यातलं तीर्थ तळहातावर घेतलं आणि हात हळदीवरून फिरवला. तळवा लालभडक झाला. कुणी हात जोडले, कुणी छातीवर क्रूस काढला.

"करणी रक्तावाटे उतरतेय," बाबा म्हणाला. "अवसेपर्यंत जनावराला पाणी नको, डॉक्टरची सुई नको. अवसेला जिभेला डाग देऊ, की बाधा गेली."

पवळ्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पास्कलच्या वाडीतल्या विहिरीचा रहाट हा एकच बैल ओढायचा. तो आजारी पडून बसला तशी पाण्यावाचून वांग्यांनी माना टाकल्या होत्या. बैल गेला तर वाडी गेली आणि चूलही विझली. डॉक्टर आणा म्हणून मटिल्डाने नवऱ्याला परोपरीने विनवलं होतं. पण बाबा कोपेल या भीतीने पास्कल बधला नव्हता.

तो लाल रंग मात्र मटिल्डाला ओळखीचा वाटला. कपड्यावर हळद सांडली आणि साबण लागला, की डाग असाच लाल व्हायचा. ती घरातून मूठभर हळद घेऊन आली, गोठ्याच्या लाकडी खांबाला फासली आणि बाबाच्या लोट्यात हात बुडवून तिथं चोळला. खांब लाल झाला.

"खांबाला कुठली करणी?" तिने विचारलं.

बाबा गुरकावला. बाईच्या विटाळाने तीर्थ कोपलं, बैल आता तिच्या पापाने मरेल, असं त्याने लोकांना बजावलं. माणसं दोन पावलं मागे सरली. मटिल्डा जागची हलली नाही.

"मरायचा असेल तर पानी पिऊन मरेल," ती म्हणाली आणि तिने बादली पवळ्यापुढे ठेवली.

पास्कलने लाल झालेल्या खांबाला बोट लावून पाहिलं. तो पुढे झाला, लोटा त्याने उचलला आणि बाबाला म्हणाला, "तीर्थ आहे ना? मग घोटभर पी." बाबा पीत नाही म्हटल्यावर पास्कलने लोटा उपडा केला. तळाशी पांढरा चुना बसला होता. वरचं पाणी म्हणजे चुन्याची निवळी होती. हळद आणि चुना एकत्र आले की लाल रंग होतो, एवढंच त्या चमत्काराचं रक्त.

पास्कल सायकलवरून जाऊन गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या वसुंधरा डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी पवळ्याचं तोंड उघडलं. जिभेवर फोड, खुरांत जखमा. लाळ्या-खुरकूत. तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवा, पातळ पेज पाजा, बैल वेगळा बांधा, असं सांगून त्यांनी विचारलं, "याच्या तोंडात हात कुणी घातला होता? हा रोग लाळेतून पसरतो."

सगळ्यांनी बाबाकडे पाहिलं. सकाळी पवळ्याची जीभ तपासून त्याच हातांनी तो घरोघरच्या गुरांची तोंडं चाचपत फिरला होता. आता तो कुंपणाकडे सरकत होता; वाट कुणी दिली नाही. पोलीस पाटील येईपर्यंत त्याला तिथंच बसवून ठेवलं. लोक डॉक्टरांना आपापल्या गोठ्यात बोलवू लागले.

पवळ्या बरा होईपर्यंत रहाटाच्या दांड्याला पास्कल आणि मटिल्डाने स्वतःचे खांदे लावले. दोघांच्या खांद्यांची सालटी निघाली, पण वांगी तगली. पुढे बैल पुन्हा रहाटाला लागला.

बाबाला अडवलं म्हणून भीती नाही का वाटत, असं कुणी विचारलं, तर मटिल्डा सरळ सांगायची, "मुक्या जनावराचं पानी तोडायला सांगतो, त्याला कशाला भ्यायचं? दुखतंय कुठं ते आधी बघा, जाणत्याला विचारा. आणि जो विचारू देत नाही, त्याला दारातूनच परतवून लावा."