माझ्या पोटातली पंगत

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, पण माझा थाट लग्नघरचा. बालाघाटात प्रेमलालजी लग्नपत्रिका छापतात, त्यांच्या दुकानात मी बसतो. माझी पेटी एकीकडची, पडदा दुसरीकडचा. मिस्त्रीने दोघांना जुळवलं आणि मालकांनी कुंकू लावून मला हार घातला. लालबर्रा काय, रामपायली काय, सगळीकडचे नवरा-नवरी आधी माझ्या पडद्यावर शेजारी बसायचे. मी फार मिरवायचो.

मग मी मंदावलो. काम झालेली पत्रिका मालक कधी बंदच करत नसत, नुसती खाली सारून ठेवत. मलाही बंद न करता झोपवत. अख्ख्या हंगामाच्या पत्रिका माझ्या पोटात उघड्या होत्या. त्यात न बोलावलेले पाहुणे, म्हणजे मी चालू होताच आपोआप सुरू होणारे, कुणी न वापरणारे प्रोग्रॅम. मला धाप लागे. याला भंगारात देऊ, असं मालक म्हणू लागले. ऐकून मला फार वाईट वाटलं.

अशातच त्यांच्या मुलीचं, रूपालीचं, लग्न ठरलं. पहिली पत्रिका रामपायलीच्या रामापुढे ठेवायची म्हणून तिची आई शांताबाई ऑटोत बसल्यासुद्धा, आणि ती छापायच्या ऐन वेळी मी अडकलो. मालक भंगारवाल्याचा नंबर शोधू लागले.

रूपालीने माझ्या आत डोकावून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. गेल्या वैशाखातली नवरी अजून माझ्या पोटात हळद लावून बसली होती! ही बंद का केली नाही, असं तिने विचारलं.

"बंद कराले फुली दाबा लागते. नवरा-नवरीच्या नावावर फुली कशी मारू? अपशकुन होते," मालक म्हणाले.

"बाबा, जेवलेले उठलेच नाही, तं दुसरी पंगत बसन कुठी?"

तिने एकेक पत्रिका सेव्ह करून बंद केली. एक पुन्हा उघडून दाखवली, तर नावं जागच्या जागी. फुकटे पाहुणेही घालवले. व्हायरस अडवणारा राखणदार तेवढा दारात ठेवला. काय सांगू, मी वासरासारखा उधळलो! पत्रिका छापून ऑटोत पोचलीसुद्धा.

पडद्यावर आता एकच पत्रिका उरली होती, रूपालीची. ती मालकांनी बंद करायची होती. त्यांनी माउस धरला आणि रूपालीकडे वळून पाहिलं.

"सेव्ह केली ना, बेटा?"

"हौ बाबा. बोलावलं का आलीच."

मालकांनी डोळे पुसले आणि हसत फुली दाबली.

मित्रांनो, काम झालं की त्याला प्रेमाने निरोप देत जा. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना एवढंच पुरतं. माझ्या पडद्यावर आता फक्त गणपती आहे, आणि पुढच्या पंगतीला भरपूर जागा.