उन्हात धरलेली बाटली

आमच्या सूनबाई उलट बोलत नाहीत, हीच माझी तक्रार. मी दहा शब्द सुनवावेत आणि समोरून नुसतं "हो आई" यावं, याला काय भांडण म्हणायचं?

चार महिने माझ्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. साखरेचं दुखणं, त्यात जंतू असे निर्ढावलेले की कुठल्याच गोळीला जुमानेनात. डॉक्टर म्हणाले, सोमवारी अंगठा कापू.

तेव्हा सूनबाई म्हणाली, "मी बनवते त्या औषधाची चाचणी तुमच्याच इस्पितळात चालू आहे. विचारू त्यांना?"

"आधी मला दाखव. न बघता मी भाजीची जुडीही घेत नाही."

डॉक्टर हो म्हणाले. मी तिच्या प्रयोगशाळेत गेले तर पडदे ओढलेले, माझ्या औषधाची बाटली चंदेरी कागदात गुंडाळलेली. ती हात धुवायला वळली, तेवढ्यात मी कागद सोलला, पडदा सारला आणि बाटली उन्हात धरली. तेल मी असंच पारखते, गाळ लगेच दिसतो.

तिचा चेहरा उतरला. "आई, यातले कण उजेडानेच जागे होतात. त्यांचा जोर इथेच संपला."

नऊ दिवसांचं काम पाण्यात. तिने डॉक्टरांना फोन लावला, "बाटली माझ्याकडून खराब झाली" म्हणाली. जखम पसरली तर अंगठा कापायला थांबणार नाही, असं बजावून त्यांनी दहा दिवस दिले. नऊ दिवस सूनबाई घरी फक्त अंग टेकायला आली.

दहाव्या दिवशी तिने जखमेवर औषध लावून लाल दिवा धरला.

"आता काय होतंय?"

"कण प्राणवायूला खवळवतात. तो जंतूंना जाळतो."

"आणि मला?"

"खवळलेला क्षणभरच टिकतो, लांब जात नाही."

"तुझ्या सासऱ्यांच्या रागासारखा."

दिवा धरलेला तिचा हात हसण्याने हलला, पण लगेच जागेवर आला. डोळ्यांना दिसत नाहीत असे कण घडवायचे, आणि ते नेमक्या जागी पेटवायचे. मी चार बुकं शिकले नाही, पण कसब ओळखते.

सहा वेळा दिवा धरला. महिन्याने जखमेत गुलाबी मांस भरलं. डॉक्टर म्हणाले, अंगठा राहिला, फक्त ती बाटली बिघडली नसती तर लवकर बरा झाला असता. सूनबाई मान खाली घालून उभी.

मी त्यांच्यासमोरच तिला म्हटलं, "मान वर कर. बाटली मी नासवली. तुझ्या हाताला तोड नाही, पण दुसऱ्याची चूक पदरात घेऊ नये, ही अक्कल मात्र काडीची नाही."