चाकांतली हवा

लेम्पीच्या घराला चाकं होती. खाणीजवळच्या त्या वस्तीतली सगळीच घरं कारखान्यात तयार होऊन ट्रकमागून आलेली, पण बाकीच्यांनी चाकं केव्हाच विकून टाकली होती. लेम्पीच्या नवऱ्याने, रेइनोने, ठेवली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घर आणलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "खाणीत पाच वर्षं काढतो. मग हे घर ओढत नेऊ तुझ्या तळ्यावर." तळ्याकाठी लेम्पीच्या वडिलांनी तिच्या नावाने जागा ठेवली होती, बर्चच्या झाडांत, पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या पाच वर्षांची आता एकतीस झाली होती.

जमीन गोठली की गारठा खालून घरात चढतो, पाण्याचे पाइप फुटतात. शेजाऱ्यांनी घराच्या बुडाला कायमच्या भिंती घालून घेतल्या होत्या. रेइनो मात्र दर ऑक्टोबरात पेंढ्याचे गठ्ठे लावायचा आणि वसंतात काढायचा. कुणी हसलं की म्हणायचा, "जाणाऱ्या घराला भिंती कशाला?" गठ्ठे लावण्याआधी तो पायपंप घेऊन घराखाली सरपटायचा आणि चाकांत हवा भरायचा. लेम्पी वर स्वयंपाकघरात उभी राहून तो फुसफुस आवाज ऐकायची. तोंडाने म्हणायची, खुळा म्हातारा. पण त्या आवाजावर तिचा अख्खा हिवाळा निघायचा.

गेल्या जानेवारीत पाइप गोठला. पासष्टीचा रेइनो हेअर ड्रायर घेऊन तीन तास त्या बर्फगार जमिनीवर उताणा पडला आणि मग दोन आठवडे इस्पितळात. गुडघे तर आधीच गेलेले. यंदा ऑक्टोबर उजाडला तरी पंप काही बाहेर निघाला नाही. आला तो डेल, लेम्पीच्या बहिणीचा मुलगा, ट्रकभर फोमचे जाड तक्ते घेऊन.

"मावशी, हे दोन फूट जमिनीत गाडतो. गारठ्याची टाप नाही आत यायची," डेल म्हणाला. "फक्त पुढचा दांडा कापावा लागेल. आड येतोय."

घर ओढायला ट्रक जोडतात तो दांडा. लेम्पीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कॉफीच्या कपात पाहिलं.

"आता बोल की," ती म्हणाली. "भिंती कशाला म्हणायचास ना?"

"म्हणायचो." त्याने कप खाली ठेवला. "हे घर आता रस्त्यावर काढलं तर पहिल्याच वळणावर त्याची दोन घरं होतील, लेम्पी. पण तू म्हणशील तर यंदाही पेंढाच लावू. डेल लावेल."

डेल लावेल, हे खरं. पण पाइप गोठला की हा हट्टी माणूस कुणालाही हाक न मारता खाली शिरणार, हेही तितकंच खरं. लेम्पी उठली. शेडमधून पंप काढला आणि एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या घराखाली सरपटली.

चारही चाकांत हवा भरायला तिला तास लागला. वर रेइनो स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होता. ती मातीने माखून बाहेर आली.

"मावशी, हवा कशाला भरलीस? आता तर..."

"काप," लेम्पी म्हणाली.

डिसेंबरात पारा उणे तीसवर गेला. सकाळी लेम्पी सवयीने मोज्यांवर मोजे चढवायला बसली, तेव्हा रेइनो म्हणाला, "आधी पाय टेकवून तर बघ."

फरशी कोमट होती. एकतीस वर्षं ती या एका गोष्टीसाठी कुरकुरली होती. ती अनवाणी खिडकीपर्यंत चालत गेली आणि तिथेच तिला रडू फुटलं.

"काय झालं? गरम नाही?"

"आहे ना. छान गरम आहे." तिने डोळे पुसले. "मला तळं हवं होतं रे."

रेइनो मोजे काढून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मलाही," तो म्हणाला.