गढीच्या दरवाजावरचा किल्ला

मी एक जुना दरवाजा आहे, मित्रांनो. सध्या सिंगापूरला, ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे उंच इमारतींच्या सोसायटीत, नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आडवा पडलो आहे. दरवाजाने आडवं पडायचं नसतं, हे तुम्हाला सांगायला नको. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांनी ऐकलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म जर्मनीतल्या एका खेड्यातला. तिथल्या सरदाराने टेकडीवर दगडी गढी बांधली आणि गावच्या सुताराने तिच्यासाठी ओकच्या जाड फळ्यांतून मला घडवलं. बिजागऱ्यांवर चढवल्यावर त्याने मला एका बोटाने ढकलून पाहिलं आणि मान डोलावली. तेवढीच काय ती माझी खरी स्तुती. पुढे ज्यांनी कौतुक केलं, त्यांनी मला कधी उघडून पाहिलं नाही.

गढीचे मालक बदलत गेले, आणि नवा मालक आला की आधी मला रंग फासायचा. सरदारांचा हिरवा होता. त्यांच्या नातवाने गढी एका साखर कारखानदाराला विकली, त्याने मला पांढरा केला. युद्धात सैन्याने गढी बळकावली आणि मी राखाडी झालो. युद्धानंतर आलेल्या कम्युनिस्ट सरकारने ती ताब्यात घेऊन तिथे अनाथ मुलांचा आश्रम काढला. मुलं मला दिवसभर उघडायची, आपटायची, कडीला लोंबकळायची. अंग ठणकायचं, पण सुखाचे दिवस म्हणाल तर तेच. मग ते सरकारच गेलं, मुलं गेली, गढीला कुलूप लागलं. पुष्कळ वर्षांनी सिंगापूरच्या एका कंपनीने हॉटेल काढायला म्हणून ती घेतली. हॉटेल काही झालं नाही. मला मात्र उपटून, रंग खरवडून, सिंगापुरातल्या हार्बरफ्रंटच्या ऑफिसात शोभेसाठी भिंतीशी उभं केलं. कंपनी बुडाली तेव्हा टेबल-खुर्च्यांबरोबर मीही विकला गेलो.

मला घेतलं रुचिरने. हा मूळचा पुण्याचा, चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेत आयटी मॅनेजर. मला घराचं मुख्य दार करायचं, असं त्याच्या मनात होतं. मी हरखलो. पण कॉन्डोच्या ऑफिसने नकार दिला. इथे घराचं दार आगीत टिकणारं, ठरावीक बनावटीचंच लागतं. मग माझी रवानगी बाल्कनीत झाली. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला रुचिर तिथे आणायचा आणि माझ्यावर थाप मारून सांगायचा, "खऱ्या किल्ल्याचं दार आहे."

गेल्या ऑक्टोबरात हाइके नावाच्या बाईंचा जर्मनीहून फोन आला. गढी आता गावकऱ्यांनी मिळून विकत घेतली होती. माझ्या जागी फळ्या ठोकलेल्या होत्या आणि बाई कितीतरी दिवस मला शोधत होत्या. "आमचं दार परत द्याल का? मी स्वतः न्यायला येईन," त्या म्हणाल्या. रुचिरची बायको अनुया लगेच हो म्हणाली. रुचिरही नाही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "आमची दिवाळी तेवढी होऊ द्या."

कारण महाराष्ट्र मंडळाची किल्ला स्पर्धा होती. आर्याला, त्यांच्या मुलीला, दिवाळीचा मातीचा किल्ला करायचा होता. बाल्कनीच्या फरशीवर चिखल नको म्हणून रुचिरने मला विटांवर आडवं टाकलं.

"अरे, निदान मातीखाली प्लास्टिक तरी घाल," अनुया म्हणाली.

"ओक आहे तो. शेकडो वर्षं पाऊस खाल्लाय त्याने."

खाल्ला होता मित्रांनो, पण उभ्याने. उभ्या दारावरचं पाणी ओघळून जातं, आडव्यावरचं मुरतं. दुकानातून पिशव्या भरभरून आणलेली माती माझ्यावर थापली गेली. बुरूज झाले, मावळे उभे राहिले. तटावर हिरवळ हवी म्हणून अळीव पेरलं, आणि ते उगवावं म्हणून आर्या सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडू लागली. पोरीला मी दोष देत नाही. किल्ल्याला पहिलं बक्षीस मिळालं, आणि बापाने परीक्षकांना दोनदा ऐकवलं की पायाच खऱ्या किल्ल्याचा आहे.

दिवाळी झाली. "आता मोड की तो," अनुया म्हणायची. "राहू दे गं, लोक अजून बघायला येतायत," रुचिर म्हणायचा. बघणारे थांबले, अळीव वाळलं, तरी माती माझ्या उरावर तशीच. पाऊस येत राहिला.

जानेवारीत हाइकेबाई आल्या, त्या सकाळी घाईघाईने किल्ला मोडला. बाई साठीच्या पुढच्या. त्यांनी माझी कडी दोन्ही हातांनी धरली आणि सोडेचनात, तेव्हा मी ओळखलं. आश्रमातल्या पोरांतली ही एक. मग त्यांनी सांध्यांवरून हात फिरवला. फळ्या वाकल्या होत्या, सांधे उकलले होते. बिजागरीच्या जागी लाकडात त्यांचं बोट सहज आत गेलं.

"मी फोन केला तेव्हाही असंच होतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"तेव्हा चांगलं होतं," अनुया खाली बघत म्हणाली.

"मी पॉलिश करून देतो ना, नव्यासारखं दिसेल," रुचिर म्हणाला.

"आम्हाला दार हवं होतं," बाई म्हणाल्या. "शोभेच्या वस्तू आहेत आमच्याकडे."

चहा न घेताच त्या निघाल्या. मला न्या, मोडका का असेना, असं मला ओरडून सांगायचं होतं. दरवाजाला तोंड नसतं.

"हूज डोअर नाऊ, बाबा?" आर्याने विचारलं.

"आपलंच आहे आता," रुचिर म्हणाला. खरं होतं ते. मला मागणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

मित्रांनो, एखाद्या वस्तूचं चारचौघांत कौतुक करणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. आणि कोणाची वस्तू परत द्यायचं कबूल केलं असेल, तर ती सणाच्या आधी द्या. नंतर ती तुमच्याकडेच राहते.